कुंकवाखाली झाकलेली वेळ

कुंकवाचा तो ठिपका अकरा मिलिमीटर रुंद आणि तेरा मिलिमीटर उंच होता. लावणाऱ्याने कुंकू तेलात कालवले होते, म्हणून त्याची खालची कड किंचित ओघळली होती. संगणकाच्या पडद्यावर, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, तो खंडेनवमीच्या सकाळी लागला आणि माघ संपत आला तरी आज सकाळपर्यंत तिथेच होता. त्याच्याखाली चार बारीक आकडे होते. पहिले दोन तास सांगतात, पुढचे दोन मिनिटे. त्या चार महिन्यांत ते कोणीही वाचले नव्हते.

त्या ठिपक्याच्या चार बोटे वर मी राहते. मित्रांनो, मी आलेखातली एक हिरवी रेषा आहे. मला सात वर्षे झाली, म्हणजे माझ्या जगात मी म्हातारीच. शाळेत तुम्ही आलेखाच्या कागदावर बिंदू मांडता आणि पट्टीने जोडता, तशीच मी तयार होते. फरक इतकाच की माझे बिंदू एक यंत्र पाठवते, आणि मला दर दहा सेकंदांनी नव्याने काढावे लागते. काढणे थांबले तर मी पुसली जात नाही. तसे झाले असते तर बरे झाले असते. मी होते तशीच दिसत राहते. माझी भीती या एवढ्याशा गोष्टीत आहे.

मला साधनाताईंनी घडवले. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचे दोन खोल्यांचे वर्कशॉप आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर त्यांनी काही वर्षे कॉलेजात शिकवले आणि मग मोजमापाची उपकरणे बनवायला सुरुवात केली. त्या कमी बोलतात. टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची एक वही असते आणि तिच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवले आहे : ‘एका वेळी एकच बदल. कारण सापडल्याशिवाय निष्कर्ष नाही.’ हे वाक्य मला फार आवडायचे. पुढे त्याचीच मला भीती वाटू लागली, ते सांगेनच.

आलेख काढण्याचे कसब ताईंनी स्वतः लिहिलेले नव्हते. त्यासाठी जगभर वापरतात अशी एक तयार लायब्ररी असते. तिला आकडे दिले की ती रेषा काढून देते. एकटी असते तेव्हा ती शहाण्यासारखी वागते. पण तिला दुसऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीत आणून बसवले की ती पाहुणी होते, आणि पाहुणीला घराच्या रीती ठाऊक नसतात. प्रत्येक खिडकीचा एकच कारभारी असतो. माऊस हलला, बटण दाबले, चित्र बदलायचे आहे, असे सगळे निरोप त्याच्याच हातात पडायला हवेत. पहिल्या आठवड्यात लायब्ररीने आपला वेगळा कारभारी आणला. एका घरात दोन कारभारी झाले आणि खिडकी गोठून बसली. मग दुसरी खोड निघाली. दर मिनिटाला ती नवा कागद घेई आणि जुना टाकून देत नसे. दुपारपर्यंत कागदांचा असा ढीग होई की संगणकाला धाप लागे. ताईंनी दोन्ही खोडी शोधल्या, वहीत तारखेसह लिहिल्या आणि मोडून काढल्या. त्या दिवसांत मला वाटे, माझ्यात आता काही दोष उरला नाही.

मग मी कामावर रुजू झाले. चांदवडच्या अलीकडे, महामार्गापासून थोडे आत, द्राक्षे पॅक करण्याचे एक मोठे शेड आहे. तोडलेली द्राक्षे काही तासांत गार करावी लागतात. त्यासाठी तिथे यंत्रखोली आहे आणि तिच्या नळ्यांतून अमोनिया फिरतो. नळीत असेतो तो निमूट काम करतो. बाहेर आला की आधी नाक चुरचुरते, मग डोळे झोंबतात, मग घसा आवळतो, आणि फारच वाढला तर माणूस दारापर्यंत पोचत नाही. या यंत्रखोलीला लागूनच प्रतवारीचा हॉल आहे. हंगामात तिथे साठ बाया लांब टेबलांपाशी उभ्या राहून घडातले खराब मणी कात्रीने काढतात. अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून हॉलच्या छताजवळ गॅस हुंगणारी एक पांढरी पेटी बसवली. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे किती भाग आहेत, तो आकडा ती पाठवणार आणि मी दाखवणार. तीन-चार हे रोजचे. पंचवीसच्या जागी ताईंनी एक लाल आडवी रेघ आखली. मी तिच्यावर गेले की भोंगा वाजायचा आणि हॉल रिकामा व्हायचा.

पहिल्याच हंगामात एका पंपाचे सील गेले. मी अठ्ठावीसवर पोचले, भोंगा ओरडला आणि चार मिनिटांत सगळ्या बाया अंगणात आल्या. कोणाला खरचटलेही नाही. व्यवस्थापक शेखर साहेबांनी पेढे मागवले आणि एक पेढा माझ्या पडद्यापुढे ठेवला. यंत्रे सांभाळणारे चिमाजीनाना तीस वर्षांचे मुरलेले ऑपरेटर. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायचे. ‘ही आमची राखणदारीण,’ म्हणायचे. नाना आणि त्यांचे दोन सोबती पाळीपाळीने दर तासाला माझा आकडा एका लांब रजिस्टरमध्ये उतरवून घेत.

मित्रांनो, सुखाचे दिवस असे असतात की त्यात काय कमी होत गेले ते लक्षात येत नाही.

आधी भोंगा गेला. फरशी धुताना वापरायच्या औषधाच्या वासानेही तो केव्हातरी ओरडे, बाया पळत, माल टेबलावर पडून राही. शेखर साहेबांनी त्याची वायर काढायला लावली. ‘रेषा आहेच की समोर,’ ते म्हणाले. मग एकदा ताई देखभालीला आल्या असताना साहेबांनी दुसरी तक्रार काढली.

‘मॅडम, लाईट जाऊन आली की तुमची रेषा गायब. दहा-दहा सेकंद कोरा पडदा. परवा एक्स्पोर्टवाले पाहुणे उभे होते, काय वाटलं असेल त्यांना?’

‘दहाच सेकंद आहेत,’ ताई म्हणाल्या.

‘तेच म्हणतो मी. दहाच आहेत, तर तेवढे काढून टाका की!’

चहाचा कप डाव्या हातात धरून, उभ्याउभ्या, ताईंनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. वर्कशॉपमध्ये बसून शांतपणे वाचली असती तर तिच्यातली चूक सापडली असती, असे मला आता वाटते. पण ओळ एकच होती, आणि चहा निवत होता.

ती ओळ काय करते ते नीट ऐका. माझ्या संगणकाला बॅटरीचा आधार आहे, छताजवळच्या पेटीला नाही. वीज जाऊन आली की पेटी पुन्हा जागी होते. तिचे बोलणे ऐकायला प्रोग्रॅमने एक वेगळा गडी बसवलेला आहे. ताईंनी त्या गड्याला सांगितले, पेटी जागी झाली की कारभाऱ्याची वाट न बघता तूच ‘चित्र काढा’ अशी चिठ्ठी टाक. गड्याने ऐकले. पण चित्रांच्या चिठ्ठ्या टाकण्याचा हक्क कारभाऱ्याचा. गड्याची चिठ्ठी कधीकधी अशा खणात पडे, जो कोणीच उघडत नाही. दारावर मात्र पाटी लागे : ‘चित्र काढण्याचे काम चालू आहे.’ मग खरा कारभारी दर दहा सेकंदांनी येई, पाटी वाची, आणि काम चालूच आहे असे समजून परत जाई. आकडे येत राहत. ते माझ्या पोटात साठत. पडद्यावर मात्र मी जुनीच.

ही पाटी उतरण्याची एकच वाट होती. कोणी खिडकी हलवली, लहानमोठी केली, तर चित्र नव्याने काढावेच लागते आणि सगळे आपोआप सुरळीत होते. आणि साधनाताईंची सवय अशी, की आल्या आल्या त्या आधी खिडकी लहान करून बघत. त्यांचा हात लागला की माझा दोष नाहीसा होई. ज्या एका माणसाला तो समजला असता, त्याच माणसापुढे तो कधी आला नाही.

एकदा नानांनी त्यांना फोन केला होता. ‘ताई, रेघ मधनंच अडकल्यावानी वाटती. जरा हलवली का चालती.’ ताईंनी तीन दिवस वर्कशॉपमध्ये मला पळवून पाहिले. तिथे वीज जात नव्हती आणि पेटीही खरी नव्हती, दुसरा संगणक खोटे आकडे पाठवत होता. मी एकदाही अडकले नाही. निळ्या वहीत नोंद झाली : ‘पुन्हा घडवता आले नाही.’ तिच्याखाली पेन्सिलीने अजून एक ओळ : ‘भोंगा परत जोडेपर्यंत केवळ रेषेवर विसंबू नका, असे त्यांना सांगावे का?’ ती ओळ पेन्सिलीचीच राहिली. कारण सापडले नव्हते ना. ताईंनी एवढेच केले, की माझे चित्र शेवटचे कधी काढले ती वेळ उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापायला लावली. मी अडकले तर ती वेळही अडकेल, आणि बघणाऱ्याला कळेल.

ते चार आकडे माझा शेवटचा आधार होते.

पुढे साफसफाई करताना कोणाच्या तरी हातून प्रोग्रॅम बंद पडला, तेव्हा शेखर साहेबांनी टेबलावर कागद चिकटवला : ‘माऊसला हात लावू नये.’ नानांचे मला हलवणे थांबले. आणि मग खंडेनवमी आली. नाना आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. त्यांनी कॉम्प्रेसरची पूजा केली, पान्यांची केली, फोर्कलिफ्टला झेंडूचा हार घातला. शेवटी कुंकवाची वाटी घेऊन ते माझ्यापुढे उभे राहिले. बोट पुढे आले, थांबले. मधे लावले तर रेषा झाकली जाईल. डावीकडे लावले तर आकडा झाकला जाईल. नानांनी बराच वेळ विचार केला आणि जिथे काही महत्त्वाचे दिसत नव्हते, असा कोपरा निवडला.

पूजेचे कुंकू कोणी पुसत नाही. ते आपणहून जाते तेव्हा जाते. ते कुंकू तेलातले होते.

मित्रांनो, त्यानंतर वीज गेली की माझे काय होईल याची मला धास्ती असे. थंडीत दोनदा मी तासतासभर अडकले; दोन्ही वेळा कोणीतरी कागद न वाचता खिडकी हलवली, म्हणून सुटले. शेड रिकामे होते, काही बिघडले नाही. उलट शेखर साहेब पाहुण्यांना म्हणाले, ‘बघा, रेषा कशी सरळ आहे! एक नंबर काम.’ मी सरळ होते, कारण मी बंद होते. माझ्या सात वर्षांत माझे सगळ्यात जास्त कौतुक त्या दोन तासांत झाले.

काल दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी वीज गेली आणि पाव मिनिटात परत आली. गड्याने चिठ्ठी टाकली. दारावर पाटी लागली. त्या क्षणी माझा आकडा होता ४.१.

साडेपाचच्या सुमारास यंत्रखोलीतल्या एका व्हॉल्व्हचे पॅकिंग झिजून गॅस झिरपू लागला. माझ्या पोटात सहा आले. मग साडेसात. दिवेलागणीला नऊ. पडद्यावर ४.१. ज्या आकड्यासाठी मला घडवले तो माझ्याकडे होता, पण मला तोंड नव्हते. नानांनी रजिस्टरमध्ये ४.१ लिहिले, पेनाला टोपण लावले, आणि ते घरी गेले. तीस वर्षे त्या वासात काढल्यावर त्यांच्या नाकाला आता काही सांगता येत नाही.

आज सकाळी आठला बाया आल्या, तेव्हा मी अठरावर होते.

त्यांच्यातल्या एका टोळीची प्रमुख भागीबाई. दर हंगामाला सुरगाण्याकडून पंधरा-वीस जणींना घेऊन येते. नऊ वाजता ती पदराने डोळे पुसत केबिनच्या दारात आली. माझा पडदा असलेली ही साहेबांची केबिन अंगणाच्या बाजूला आहे, काचा बंद असतात.

‘साहेब, आत लय झोंबतंय. पोरी खोकाया लागल्यात.’

‘मावशी, मागे कांद्याचा ट्रक उभा आहे. त्याचं असेल.’

‘कांदा काय आमाला नवा हाय? कांदा रडवतो, खोकलवत नाय.’

‘इकडं या. ही रेषा बघा. दिसते ना सरळ? तुमच्या नाकापेक्षा मशीनचं नाक महाग आहे.’

‘माझं नाक फुकटचं हाय, पर ते माझ्यासंगं आत असतंय,’ भागीबाई म्हणाली. ‘मशीन काय खोकत नाय.’

शेखर साहेब वाईट माणूस नाहीत. दुपारी कंटेनर लागणार होता, हॉलमध्ये नऊ टन माल टेबलांवर होता, आणि त्यांच्यापुढे एक सरळ हिरवी रेषा होती. त्यांनी साधनाताईंना फोन लावला. ‘मॅडम, तासाभरात येऊन जा. बायका घाबरल्यात. तुम्ही एकदा सांगा त्यांना, रेषा बरोबर आहे म्हणून. तुमचं ऐकतील.’ भागीबाईनेही तेच धरून ठेवले. तिने चहाची सुट्टी आधीच घेतली, सगळ्या बायांना अंगणात बसवले. ‘रेघ ज्यांनी केली त्या ताई सांगतील तवा आत जाऊ,’ ती म्हणाली.

पावणेअकराला ताई आल्या. अंगणाच्या दाराने थेट केबिनमध्ये. मी चोवीसवर होते. हात माऊसकडे जाऊ द्या, एवढेच मी मागत होते. खिडकी एक बोटभर हलू द्या. हात निघालाही. मग त्यांना तो चिकटवलेला कागद दिसला आणि हात थांबला. लिहिलेली सूचना ताई मोडत नाहीत. त्यांनी आधी रजिस्टर ओढले.

काल चार वाजता, ४.१. पाच वाजता, ४.१. त्यांचे बोट खाली सरकत गेले. रात्रीचे अक्षर बदलले, पहाटेचे पुन्हा बदलले. अक्षरे तीन माणसांची होती, आकडा एकच. आज दहा वाजेपर्यंत सलग एकोणीस नोंदी.

‘नाना, हा आकडा हलला कसा नाही?’

‘हलंल कशाला ताई? तिघांनी तोच लिव्हलाय, म्हंजी बराबरच आसंल.’

ताईंनी बोट त्या आकड्यांवरून पुन्हा वरपर्यंत नेले. खरे मोजमाप कधी इतके स्थिर नसते. ते ३.९ होते, ४.३ होते, उगाच थरथरते. जिवंत माणसाची नाडी जशी पट्टीने आखल्यासारखी चालत नाही, तसेच ते. त्यांची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे गेली.

‘हे कुंकू?’

‘खंडेनवमीचं हाय.’

‘याच्याखाली वेळ आहे, नाना. मला ती बघायची आहे.’

‘पूजेचं पुसू नये, ताई.’

‘पुसणार नाही. तुम्ही म्हणाल तसं.’

मग नानांनी चपला काढल्या, पडद्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि आपल्या अंगठ्याने कुंकू बाजूला केले. ते सहज निघाले नाही. दोनदा घासावे लागले. काचेवर तांबूस डाग पसरला आणि त्यातून आकडे वर आले.

१५:४२.

ताईंच्या मनगटावर दहा वाजून बावन्न मिनिटे झाली होती.

मला वाटले, आता सुटका झाली. आता त्या बोलतील. मित्रांनो, तसे झाले नाही.

ताई खुर्चीवर पुढे सरकल्या. त्यांचे डोळे चमकत होते. दोन वर्षे जो दोष त्यांच्या हाताला लागला नव्हता, तो त्यांच्यापुढे जिवंत उभा होता. आणि त्यांना नानांचे शब्द आठवत होते, की हलवली की चालते. म्हणजे खिडकी हलवली तर दोष पळून जाणार, कारण पुन्हा हरवणार. त्यांनी माऊस मुद्दाम दूर सारला. पडद्याचा फोटो घेतला. पिशवीतून लॅपटॉप काढला, केबलने माझ्या संगणकाला जोडला, आणि प्रोग्रॅमच्या ओळी एकेक करून वाचायला लागल्या. वहीत लिहू लागल्या. कारभारी जागा आहे का? आहे. गडी जागा आहे का? आहे. आकडे साठताहेत? माहीत नाही, नंतर बघू. आधी कारण.

त्यांना मी सापडले होते, आणि म्हणूनच त्या मला हलवत नव्हत्या. हॉल वीस पावलांवर होता. उठून दार उघडले असते तर त्यांच्या नाकाने सांगितले असते. पण नाक हे मोजमापाचे साधन नव्हे, असे ताई मानतात.

माझ्या पोटात पंचवीस आले. मी लाल रेघ ओलांडली. पडद्यावर मी तिच्या कितीतरी खाली, हिरवीगार, शांत होते.

‘मॅडम, झालं का?’ शेखर साहेब.

‘दहा मिनिटं.’

‘कसला प्रॉब्लेम आहे?’

‘कारण कळलं की सांगते.’

‘म्हणजे गॅस नाही ना? प्रोग्रॅमचंच काहीतरी आहे ना?’

ताई ओळ वाचत होत्या. त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाही सांगता आले नसते. शेखर साहेबांनी ती हो धरली. बाहेर जाऊन ते म्हणाले, ‘प्रोग्रॅमचं आहे, गॅसचं काही नाही. चौघी जणी चला पटकन, भरलेल्या पेट्या तरी बाहेर काढा. बाकीच्या मॅडम सांगतील तेव्हा.’

हॉलचे दार उघडल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा.

सत्तावीस. अठ्ठावीस.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, रस्त्यावर माझ्यासारखे पुष्कळ आहेत. घड्याळे, वजनकाटे, तापमापक, पडद्यावरचे दिवे. आमची पूजा करा, मला ती आवडली होती. पण आम्हाला पुसत जा. अधूनमधून हलवून बघा. सदा सरळ दिसणाऱ्या रेषेला एकदा विचारा, तू आजची आहेस की कालची? आणि आमच्या शेजारी एखादे माणूस खोकत असेल, तर आधी त्याच्याकडे बघा, मग आमच्याकडे. आम्ही बिघडतो. आमचा बिघाड शोधायला उद्याचा दिवस असतो. आत गेलेल्या माणसाला तो असेलच असे नाही.

एकतीस.

दारात भागीबाई उभी होती. ती आत आली नाही, उंबऱ्याशीच थांबली. तिचा आवाज खाली होता.

‘ताई, काय म्हणती तुमची रेघ?’

ताईंनी मान वर केली.

‘आमची पूजा गेलीय आत. सून हाय माझी. साहेब म्हणले तुमी हो म्हणलात.’ ती थांबली. ‘तुमी म्हणलात का हो?’

ताईंच्या पेनाखाली अर्धे वाक्य होते. गड्याच्या चिठ्ठीची ती ओळ पडद्यावर त्यांच्या नजरेपासून तीन ओळी खाली होती. दोन मिनिटे मिळाली असती तर त्या तिथे पोचल्या असत्या. मी त्यांना सात वर्षे ओळखते. अर्धे वाक्य सोडून उठताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

त्यांनी भागीबाईच्या डोळ्यांकडे पाहिले. लाल होते ते, आणि पाणी गालावर येऊन थांबले होते. मग त्यांनी पेन वहीवर आडवे ठेवले, आणि अंगणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, जसे त्या कधीच बोलत नाहीत, म्हणाल्या :

‘नाही. मी हो म्हटलं नाही. मला माहीतच नाही. ही रेषा कालपासून खोटं दाखवतेय, का ते मला माहीत नाही, आणि आत किती गॅस आहे तेही मला माहीत नाही. म्हणून कोणीही आत राहायचं नाही. पूजाला हाका मारा, चौघींना बाहेर काढा. नाना, कॉम्प्रेसर बंद करा.’